रोमानियन दैनिकाची स्थापना आणि मालकी पडताळण्याची रीत

एखाद्या रोमानियन वर्तमानपत्रातील मजकूर मराठीत उद्धृत करताना, त्या पत्रावर कोशासाठी नोंद लिहिताना किंवा वृत्तपत्रविद्येचा प्रबंध तयार करताना ‘हे दैनिक कोणी काढले आणि ते कोणाच्या मालकीचे आहे’ हा प्रश्न एका ओळीत सुटेल, असे सुरुवातीला वाटते. प्रत्यक्षात त्या एका प्रश्नाच्या पोटात चार निरनिराळे प्रश्न असतात. पत्राचे नाव कधीपासूनचे आहे, ते आज छापणारी कंपनी कधी स्थापन झाली, त्या नावावर व्यापारचिन्ह म्हणून कोणाचा हक्क आहे, आणि कंपनीच्या मागे पैसा कोणाचा आहे, हे ते चार प्रश्न होत. रोमानियाच्या इतिहासात राजेशाही, दोन महायुद्धे, पंचेचाळीस वर्षांच्या आसपासची कम्युनिस्ट राजवट आणि १९८९ नंतरचा खुला बाजार अशी उलथापालथ झाल्यामुळे या चार उत्तरांतील माणसे आणि वर्षे क्वचितच एकमेकांशी जुळतात. त्यामुळे प्रत्येक प्रश्नाचे उत्तर स्वतंत्रपणे शोधावे आणि नंतरच ती उत्तरे एकत्र ठेवून पाहावीत.

भारतीय वाचकाची एक सवय येथे बाजूला ठेवावी लागते. आपल्याकडे अंकाच्या तळाशी मालक, मुद्रक आणि प्रकाशक यांची नावे असलेली ओळ असते, आणि दरवर्षी मार्चच्या आरंभी मालकीविषयीचे निवेदन छापण्याची प्रथा नोंदणी कायद्यामुळे रुळलेली आहे. रोमानियात छापील वृत्तपत्रांची अशी नोंदणी करणारे सरकारी कार्यालय नाही. दृक्‌श्राव्य माध्यमांसाठी राष्ट्रीय परिषद आहे, परंतु दैनिके तिच्या कक्षेत येत नाहीत. १९९१ च्या राज्यघटनेच्या ३० व्या अनुच्छेदाने प्रकाशने स्थापन करण्याचे स्वातंत्र्य दिले आणि कोणतेही प्रकाशन बंद करण्यास मनाई केली. त्याच अनुच्छेदात प्रसारमाध्यमांनी आपल्या अर्थपुरवठ्याचा उगम जाहीर करावा असे बंधन कायदा घालू शकतो, असेही म्हटले आहे, पण तेथे शब्द ‘घालू शकतो’ असा आहे. म्हणून रोमानियन दैनिकाची मालकी एका ठिकाणी लिहिलेली सापडत नाही, ती तीन-चार दप्तरांतून जुळवावी लागते.

पडताळणीची सुरुवात शीर्षपट्टीपासून करावी. बहुतेक जुन्या दैनिकांच्या नावाखाली स्थापनेचे वर्ष छापलेले असते, आणि ते पत्राने स्वतःविषयी केलेले विधान आहे, एवढेच सध्या मानावे. त्याच्या जवळच ‘अनुल’ म्हणजे वर्षगणना आणि अंकाचा अनुक्रमांक असतो. हे दोन आकडे स्थापनेच्या वर्षाशी ताडून पाहिल्यास बरेच काही उघड होते. स्थापना एकोणिसाव्या शतकातील सांगितली असेल आणि वर्षगणना मात्र १९८९ किंवा १९९० पासून चालू असेल, तर मध्ये खंड पडलेला आहे हे निश्चित समजावे. ‘सेरिये नोउअ’, म्हणजे नवी मालिका, असा उल्लेख आढळला तर पत्रानेच तो खंड मान्य केलेला असतो, आणि असा प्रामाणिकपणा दिसला की पुढचे काम सोपे होते.

या रीतीचा उपयोग कसा होतो हे पाहण्यासाठी ‘अदेवरुल’ या बुखारेस्टच्या दैनिकाइतके चांगले उदाहरण दुसरे नाही. हे नाव प्रथम १८७१ मध्ये मोल्दाव्हियातील याश शहरात दिसते. अलेक्सांद्रु बेल्दिमान यांनी तेथे या नावाचे साप्ताहिक काढले होते. बेल्दिमान हे पदच्युत राजे अलेक्सांद्रु योआन कुझा यांच्या काळातील पोलीस अधिकारी होते. कुझा यांना १८६६ मध्ये सिंहासन सोडावे लागले आणि त्यांच्या जागी होहेनझोलर्न घराण्यातील कारोल यांना आणले गेले, हे बेल्दिमान यांना मान्य नव्हते आणि त्यांचे साप्ताहिक उघडपणे नव्या राजाच्या विरोधात होते. त्यांच्यावर खटला झाला, त्यातून ते सुटले, पण पत्र १८७२ मध्येच बंद पडले. त्यानंतर १८८८ मध्ये बुखारेस्टमध्ये त्याच नावाने दैनिक सुरू झाले, आणि या वेळी बेल्दिमान यांच्या जोडीला खुद्द कुझा यांचे पुत्र होते. म्हणजे ‘स्थापना १८७१’ हे विधान नावापुरते आणि काही अंशी हेतूपुरते खरे आहे, परंतु दैनिक म्हणून विचार करायचा असेल तर १८८८ हेच वर्ष धरले पाहिजे. नोंदीत दोन्ही वर्षे द्यावीत आणि कोणते वर्ष कशाचे आहे तेही लिहावे.

येथेच तारखांची एक अडचण समोर येते. रोमानियाने ग्रेगोरियन दिनदर्शिका १९१९ मध्ये स्वीकारली. त्या वर्षी ३१ मार्चनंतर थेट १४ एप्रिलची गणना करण्यात आली. त्याआधीच्या तारखा जुन्या ज्युलियन पद्धतीच्या असून एकोणिसाव्या शतकात दोन्हींत १२ दिवसांचा, तर विसाव्या शतकात १३ दिवसांचा फरक पडतो. म्हणून ‘अदेवरुल’ दैनिकाचा आरंभ जुन्या गणनेनुसार १५ ऑगस्ट १८८८ आणि नव्या गणनेनुसार २७ ऑगस्ट १८८८ असा येतो. अनेक वृत्तपत्रे शीर्षपट्टीवर दोन्ही तारखा तिरप्या रेघेने विभागून छापत असत. ट्रान्सिल्व्हेनियातील सिबियू येथे इओआन स्लाविची यांच्या संपादकत्वाखाली निघालेल्या ‘त्रिबुना’ या दैनिकाचा पहिला अंक १४/२६ एप्रिल १८८४ असा नोंदवला जातो तो यामुळेच. दोन संदर्भांत बारा दिवसांचा फरक आढळला तर त्यांपैकी एक चुकीचा आहे असे लगेच ठरवू नये. मात्र आपल्या मजकुरात कोणती गणना वापरली आहे हे एकदा स्पष्ट लिहावे आणि मग शेवटपर्यंत तीच पाळावी.

स्थापकाचे नाव आणि मालकाचे नाव वेगळे होण्याचा क्षण बहुधा पहिल्या दहा वर्षांतच येतो. ‘अदेवरुल’च्या बाबतीत तो १८९५ मध्ये आला, जेव्हा समाजवादी विचारांचे वकील आणि पत्रकार कॉन्स्तान्तिन मिले यांनी दैनिक ताब्यात घेतले. रोमानियन वृत्तपत्रसृष्टीत आज मिले यांचेच नाव या पत्राशी घट्ट जोडलेले आहे. बुखारेस्टमधील ज्या सरिंदार रस्त्यावर दैनिकाची इमारत उभी राहिली, त्या रस्त्याला पुढे त्यांचे नाव मिळाले. त्यामुळे कित्येक लेखनांत मिले यांना संस्थापक म्हटलेले आढळते, पण ते बरोबर नाही. त्यांनी स्वतः स्थापन केलेले दैनिक १९०४ चे ‘दिमिनेआत्सा’ होय, आणि ही दोन्ही पत्रे नंतर एकाच संस्थेतून निघत राहिली. १९२० च्या सुमारास मिले बाजूला झाल्यानंतर मालकी आधी बँकर अरिस्तिद ब्लांक यांच्याकडे आणि पुढे एमिल आणि सिमियोन पाउकर यांच्याकडे गेली, तर संपादकीय सूत्रे कॉन्स्तान्तिन ग्राउर यांच्या हाती आली. डिसेंबर १९३७ च्या अखेरीस पंतप्रधान गोगा यांच्या सरकारने ‘अदेवरुल’, ‘दिमिनेआत्सा’ आणि ‘लुप्ता’ या तिन्ही पत्रांवर बंदी घातली. युद्धानंतर १९४६ मध्ये ‘अदेवरुल’ पुन्हा निघाले आणि १९५१ मध्ये कम्युनिस्ट राजवटीत ते पुन्हा बंद झाले.

कम्युनिस्ट काळातील दैनिकांची मालकी शोधताना कंपनी आणि भागधारक यांच्या मागे लागण्यात अर्थ नाही. त्या काळात शीर्षकाजवळ ‘अमुक संस्थेचे मुखपत्र’ अशी ओळ छापलेली असे आणि तीच मालकीची खरी नोंद होय. ‘स्कंतेया’ हे कम्युनिस्ट पक्षाचे मुखपत्र १९३१ मध्ये भूमिगत स्वरूपात सुरू झाले होते आणि १९४४ च्या सप्टेंबरपासून उघडपणे निघू लागले. ‘रोमनिया लिबेरा’ हे नाव १८७७ च्या मे महिन्यातील आहे, म्हणजे रशिया-तुर्कस्तान युद्धाच्या धामधुमीत रोमानियाने स्वातंत्र्य घोषित केले त्याच आठवड्यांतील. परंतु आजच्या पत्राचा धागा १९४३ मध्ये गुप्तपणे छापल्या गेलेल्या त्याच नावाच्या पत्रकापासून सुरू होतो. १८७७ चे दैनिक आणि १९४३ चे पत्रक यांच्यात नावाखेरीज काही समान नाही, तरीही पहिलेच वर्ष अभिमानाने मिरवले जाते. जुन्या नावाचा मोह वृत्तपत्रांना सर्वत्र असतो, हे आपल्यालाही परके नाही.

डिसेंबर १९८९ हा सर्वांत नाजूक सांधा आहे, आणि येथे घाई केली तर पुढील सगळी नोंद चुकीच्या पायावर उभी राहते. चाउशेस्कु यांची सत्ता २२ डिसेंबरला कोसळली आणि ‘स्कंतेया’चे नाव बदलून ‘लोकांची स्कंतेया’ अशा अर्थाचे नाव घेतले गेले. तीनच दिवसांनी, २५ डिसेंबरला, त्याच कर्मचारीवर्गाने आणि त्याच इमारतीतून ‘अदेवरुल’ हे नाव धारण केले. कागदपत्रे, यंत्रसामग्री आणि माणसे यांच्या दृष्टीने पाहिले तर आजच्या ‘अदेवरुल’चे नाते मिले यांच्या सरिंदार रस्त्यावरील संस्थेपेक्षा पक्षाच्या मुखपत्राशी अधिक जवळचे आहे, असे माझे मत आहे. पत्राने मात्र १९८९ पासून स्वतःला बेल्दिमान आणि मिले यांच्या परंपरेचे वारस मानले. नोंद लिहिणाऱ्याने या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवाव्यात. वारसा हा पत्राचा दावा म्हणून लिहावा आणि संस्थात्मक सातत्य ही घटना म्हणून लिहावे. याउलट ‘लिबेर्तातेआ’ हे दैनिक २२ डिसेंबर १९८९ रोजीच ओक्तावियान आंद्रोनिक यांच्या पुढाकाराने बाहेर पडले आणि त्याने कोणत्याही जुन्या नावाचा आधार घेतला नाही. निर्वासित जीवनातून परतलेले राजकारणी योन रात्सियू यांनी १९९१ मध्ये ‘कोतिदियानुल’ काढले, तेथे तर स्थापक आणि मालक एकच असल्याने काम फारच सोपे होते.

१९९० नंतरच्या दैनिकांसाठी अंकातील संपादकीय चौकट शोधावी. ती बहुधा दुसऱ्या किंवा शेवटच्या पानावर असते. तिच्यातील ‘एदितोर’ या शब्दाने फसू नये. त्याचा अर्थ प्रकाशक कंपनी असा आहे, आणि संपादकासाठी ‘रेदाक्तोर-शेफ’ असा शब्द असतो. ‘दिरेक्तोर’ हे पद कधी संपादकीय असते, कधी व्यवस्थापकीय, म्हणून त्यावरून मालकीचा निष्कर्ष काढू नये. या चौकटीतून जी गोष्ट नक्की मिळवायची ती म्हणजे प्रकाशक कंपनीचे पूर्ण नाव, तिच्या शेवटी असलेल्या ‘एसआरएल’ किंवा ‘एसए’ या अक्षरांसह.

या दोन अक्षरसमूहांवर पुढचा सगळा शोध अवलंबून असतो. ‘एसआरएल’ म्हणजे मर्यादित जबाबदारीची कंपनी. तिच्या भागीदारांची नावे आणि त्यांचे हिस्से राष्ट्रीय व्यापार नोंदणी कार्यालयात नोंदलेले असतात आणि त्या कार्यालयाच्या संकेतस्थळावरून शुल्क भरून उतारा मिळतो. ‘एसए’ म्हणजे भागभांडवली कंपनी. तिच्या स्थापनेच्या वेळचे भागधारक व्यापार नोंदणीत दिसतात, पण त्यानंतर भाग कोणी कोणाला विकले याची नोंद कंपनीच्या स्वतःच्या भागधारक नोंदवहीत होते. म्हणून ‘एसए’ कंपनीच्या नोंदणी उताऱ्यात जुनीच नावे आढळली तर ती आजचीही आहेत असे मानू नये. त्यात धारकाच्या नावाशिवायचे भागही पूर्वी चालत असत. २०१९ च्या १२९ क्रमांकाच्या कायद्याने त्यांना मनाई केली आणि अंतिम लाभार्थी मालकाची नोंद बंधनकारक केली. मात्र युरोपीय संघाच्या न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये लक्झेंबर्गच्या प्रकरणात दिलेल्या निकालानंतर अशा लाभार्थी नोंदी सर्वांना सरसकट खुल्या ठेवण्यावर मर्यादा आली आहे. तेव्हा त्या दप्तरावर सगळी भिस्त ठेवून चालत नाही.

कंपनीच्या नोंदणी क्रमांकाकडेही लक्ष द्यावे. २०२४ पर्यंतच्या पद्धतीत त्याच्या सुरुवातीला ‘जे’ हे अक्षर आणि जिल्ह्याचा आकडा असे, बुखारेस्टसाठी तो ४० आहे, आणि शेवटी नोंदणीचे वर्ष असे. शीर्षपट्टीवर १८८८ असलेल्या दैनिकाच्या कंपनीचा क्रमांक एकविसाव्या शतकात संपत असेल, तर पत्र मध्ये एका कंपनीकडून दुसरीकडे गेले आहे असा संशय घेण्यास जागा आहे. कंपनीच्या कर-क्रमांकावरून अर्थ मंत्रालयाच्या संकेतस्थळावर दरवर्षीची उलाढाल, नफा किंवा तोटा आणि कर्मचाऱ्यांची संख्या विनाशुल्क पाहता येते. वर्षानुवर्षे तोट्यात चालणारे दैनिक बंद पडत नसेल, तर ते कोणाच्या तरी पदरच्या पैशावर चालले आहे एवढे त्यातून कळते, आणि कोणाच्या, हा प्रश्न मग अधिक नेमकेपणाने विचारता येतो.

याच टप्प्यावर व्यापारचिन्हाचा तपास करावा. बौद्धिक संपदेची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या सूचीत शीर्षक शोधून धारकाचे नाव प्रकाशक कंपनीच्या नावाशी ताडावे. ही दोन नावे वेगळी निघाली, तर छापणारी कंपनी दिवाळखोरीत गेली तरी शीर्षक दुसऱ्या कंपनीच्या हाती सुरक्षित राहू शकते. कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत आहे का, हे दिवाळखोरी प्रक्रियांच्या अधिकृत पत्रिकेत आणि न्यायालयांच्या खुल्या संकेतस्थळावर पाहता येते.

‘अदेवरुल’चा १९८९ नंतरचा प्रवास या साधनांनी वाचला तर असा दिसतो. नव्वदीच्या दशकात पत्र राज्याच्या आणि पक्षाच्या चौकटीतून सुटून पत्रकारांच्या भागधारकीकडे आले आणि संचालक दुमित्रु तिनु हे त्याचे प्रमुख भागधारक बनले. तिनु यांचा १ जानेवारी २००३ रोजी मोटार अपघातात मृत्यू झाला आणि त्यांचे भाग वारसाकडे गेले. संपादकीय मंडळ आणि नवे मालक यांच्यातील बेबनाव वाढत गेला. २००५ मध्ये क्रिस्तियान तुदोर पोपेस्कु यांच्यासह पत्रकारांचा मोठा गट बाहेर पडला आणि त्यांनी ‘गन्दुल’ हे दैनिक काढले. २००६ मध्ये तेल उद्योगातील दिनु पात्रिचू यांनी ‘अदेवरुल’ विकत घेतले आणि २०१२ मध्ये ते क्रिस्तियान बुर्च यांच्याकडे गेले. ‘गन्दुल’ची स्थापना समजून घेण्यासाठी ‘अदेवरुल’ची मालकी आधी समजावी लागते, हे येथे ध्यानात येईल. रोमानियातील कित्येक दैनिके अशीच दुसऱ्या दैनिकातील फुटीतून जन्मलेली आहेत. म्हणून स्थापनेच्या वर्षाच्या आगेमागे स्थापक पूर्वी कोठे काम करत होते, हे अवश्य पाहावे.

परदेशी मालकीचे उदाहरण ‘एव्हेनिमेंतुल झिलेइ’ या दैनिकाचे घ्यावे. योन क्रिस्तोयू, मिहाय कर्चोग आणि कोर्नेल निस्तोरेस्कु यांनी ते जून १९९२ मध्ये सुरू केले आणि सनसनाटी बातम्यांच्या बळावर त्याचा खप लाखांत गेला. १९९८ मध्ये ते जर्मन बेर्टेल्समन समूहातील ग्रूनर उंड यार या कंपनीकडे आणि नंतर २००३-०४ च्या सुमारास स्वित्झर्लंडच्या रिंगियर समूहाकडे गेले. मालकाच्या बाजूने मजकुरात हस्तक्षेप होतो, असा आरोप २००४ मध्ये संपादकीय कर्मचाऱ्यांनी जाहीरपणे केला आणि निस्तोरेस्कु बाहेर पडले. २०१० मध्ये रिंगियरने हे दैनिक रोमानियन व्यावसायिक बॉबी पाउनेस्कु यांना विकले. अशा पत्राविषयी ‘मालक रिंगियर’ असे कालनिर्देशाशिवाय लिहिणे म्हणजे वाचकाची दिशाभूल होय. खपाचे आकडे वापरायचे असतील तर १९९८ मध्ये स्थापन झालेल्या रोमानियन लेखापरीक्षण संस्थेचे, म्हणजे ‘ब्राट’चे, आकडे आणि पत्राने स्वतः छापलेले आकडे वेगवेगळे ठेवावेत. १९९८ पूर्वीचे आकडे त्या संस्थेने तपासलेले असू शकत नाहीत.

जुने अंक प्रत्यक्ष पाहायचे असतील तर बुखारेस्टच्या महानगर ग्रंथालयाचा अंकीय संग्रह आणि क्लुज येथील लुचियान ब्लागा विद्यापीठ ग्रंथालयाचा संग्रह ही दोन ठिकाणे आधी पाहावीत. ट्रान्सिल्व्हेनियातील पत्रांसाठी, उदाहरणार्थ ब्रशोव्ह येथे १८३८ मध्ये जॉर्जे बारित्सियू यांनी सुरू केलेल्या ‘गझेता दे त्रान्सिल्वानिया’साठी, क्लुजचा संग्रह विशेष उपयोगी आहे. शोध घेताना लेखनभेद ध्यानात ठेवावेत. १८६० च्या दशकापूर्वीचा मजकूर सिरिलिक किंवा मिश्र लिपीत असतो. १९५३ ते १९९३ या काळातील शुद्धलेखनात एका विशिष्ट स्वरासाठी वेगळे अक्षर रूढ होते, त्यामुळे ‘स्कंतेया’ हे नाव सूचीत दोन प्रकारे लिहिलेले आढळते. संगणकीय मजकुरात ‘श’ आणि ‘त्स’ या ध्वनींच्या रोमन अक्षरांखाली कधी स्वल्पविरामासारखे चिन्ह असते, तर कधी अक्षराला जोडलेली शेपटीसारखी खूण असते. एका रूपाने काही सापडले नाही तर दुसऱ्या रूपाने आणि शेवटी खालच्या चिन्हाशिवाय शोधावे.

अलीकडच्या मालकीसाठी आता एक नवा आधार मिळाला आहे. युरोपीय संघाच्या २०२४/१०८३ क्रमांकाच्या माध्यम-स्वातंत्र्य विनियमाचा बहुतांश भाग ८ ऑगस्ट २०२५ पासून लागू झाला असून, त्याच्या सहाव्या अनुच्छेदानुसार वृत्तमाध्यमांनी आपल्या प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष मालकांची आणि सार्वजनिक निधीतून मिळणाऱ्या जाहिरातींची माहिती वाचकांना सहज मिळेल अशी ठेवायची आहे. दैनिकाच्या संकेतस्थळावर हे निवेदन शोधावे, ते कोणत्या दिवशी पाहिले याची तारीख टिपून ठेवावी आणि व्यापार नोंदणीतील उताऱ्याशी ताडून पाहावे.

लिहिताना प्रत्येक विधानाला वर्ष आणि विषय जोडावा. ‘अदेवरुल हे १८७१ मध्ये स्थापन झालेले बुर्च यांचे दैनिक आहे’ असे वाक्य चार प्रश्नांची उत्तरे एकत्र कोंबते आणि त्यातील एकही नीट देत नाही. त्याऐवजी असे लिहावे: ‘अदेवरुल हे नाव बेल्दिमान यांनी १८७१ मध्ये याश येथील साप्ताहिकासाठी वापरले. याच नावाचे दैनिक बुखारेस्टमध्ये १८८८ पासून निघू लागले, १८९५ पासून ते मिले यांच्याकडे होते आणि १९३७ ते १९४६ व १९५१ ते १९८९ या काळांत ते निघत नव्हते. डिसेंबर १९८९ मध्ये स्कंतेयाच्या कर्मचारीवर्गाने हे नाव स्वीकारले. पात्रिचू यांनी २००६ मध्ये दैनिक घेतले आणि २०१२ मध्ये ते बुर्च यांच्याकडे गेले.’ त्यानंतरची मालकी लिहायची असल्यास नोंदणीचा ताजा उतारा हाती घेऊन, त्याच्या तारखेसह, पुढचे वाक्य जोडावे.